ड्राइव्हवेत उभं राहिलेलं घर

इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी नवीन भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, तुम्ही काय करता? आजूबाजूला सगळे आयटीतले, बँकेतले, नाहीतर डॉक्टर. मी म्हणायचे, जुन्या मोटरहोमच्या गाद्या शिवते. समोरचा माणूस "वा, इंटरेस्टिंग" म्हणायचा आणि समोशांच्या रांगेकडे वळायचा. आता मी निवृत्त झाले आहे आणि या अंकाच्या संपादिकेनं आपण होऊन लिहायला सांगितलं आहे, तेव्हा यावेळी कुणाला वळता येणार नाही.

मिरजेला माझ्या वडिलांचं ट्रकच्या आणि टेम्पोच्या सीटा शिवायचं दुकान होतं. रेग्झिनवर सरळ टीप घालायला मी तिथं शिकले. इथं टोरांटोच्या बाजूला आल्यावर काही वर्षं सोफ्याच्या कारखान्यात काढली, तो बंद पडला आणि मिल्टनच्या बाहेर शेतातल्या एका जुन्या गोठ्यात ग्लेनकडे काम मिळालं. ग्लेन जुन्या मोटरहोम दुरुस्त करायचा. पत्रा, लाकूड, इंजिन त्याच्याकडे. गाद्या, पडदे, छताचं अस्तर, भिंतींची आतली बाजू माझ्याकडे. दोघंच होतो आम्ही. बोलणं कमी, काम भरपूर.

ज्यांनी मोटरहोम आतून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. पुढं ट्रक, मागं घर. पलंग, शेगडी, फ्रिज, बसायला सोफा, कपाटाएवढं वॉशरूम. जुन्या गाडीचं बाहेरचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं दिसतं, पण त्याच्या आत लाकडी सांगाडा असतो, आणि त्याचा एकच शत्रू म्हणजे पाणी. छताच्या सांध्यातून ते आत शिरतं, वर्षानुवर्षं भिंतीत बसून राहतं, आणि लाकूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं होतं. बाहेरून पत्रा चकचकीतच असतो. गिऱ्हाईक इंजिन सुरू करून पाहतं, टायर पाहतं आणि सौदा करून मोकळं होतं. खरं म्हणजे कोपऱ्यातली कपाटं उघडून आत नाक खुपसावं आणि जमिनीवर टाच दाबून चालावं. जुनी गाडी घ्यायची असेल त्यांनी माझा लेख एवढा वाचून सोडून दिला तरी चालेल.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक गृहस्थ गादीचा फोम निवडायला कुत्र्याला घेऊन आले होते, कारण गाडीत मुख्यतः तोच झोपणार होता. मी फोमचे तुकडे जमिनीवर मांडले. कुत्र्यानं सगळे हुंगले आणि माझ्या जेवणाच्या पिशवीवर जाऊन आडवा झाला. मालकानं गंभीरपणे विचारलं, ही पिशवी कशाची आहे? असं हसण्यासारखं पुष्कळ घडलं, पण लिहायला बसल्यावर मला आठवतात ते सोमण नवरा-बायको. त्यात हसण्यासारखं फारसं नाही.

दिनकर सोमण वॉटर्लूचे. जुन्या पिढीतले इंजिनियर, १९७०च्या आसपास इथं शिकायला आलेले, मग इथंच नोकरी, आता निवृत्त. २०१६च्या उन्हाळ्यात त्यांनी गुएल्फजवळच्या एका शेतकऱ्याकडून मोटरहोम घेतली आणि ती टो करून थेट आमच्या दारात आणली, कारण ती स्वतःच्या चाकांवर वॉटर्लूपर्यंत पोचली नसती. सत्तरच्या दशकातली गाडी, अंगावर नारिंगी आणि तपकिरी पट्टे, आत शेवाळी रंगाचा फ्रिज. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांना झालेला आनंद खरा होता. लगेच मला सगळं सांगू लागले. ते विद्यार्थी असताना पहिल्याच हिवाळ्यात बसस्टॉपवर कुडकुडत उभे होते आणि समोरून अशीच एक गाडी गेली. खिडकीत पिवळा दिवा होता, आणि गाडी धावत असताना आत एक बाई उभी राहून चहा करत होती. त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं. आता मुलं मार्गी लागली, वेळ आहे, तेव्हा अशा गाडीतून पूर्वेच्या समुद्रापासून पश्चिमेच्या समुद्रापर्यंत जायचं, घाई न करता, आठ-नऊ महिने.

ग्लेननं मागच्या कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला. ग्लेन आडपडद्यानं बोलणारा नव्हता. त्यानं सांगितलं, ही भंगारात द्या आणि बरी बघून दुसरी घ्या, मी मदत करतो. सोमणांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हीच करायची म्हणाले. ग्लेननं माझ्याकडे पाहिलं. मी तेच मराठीत सांगितलं. ते म्हणाले, "सुनंदाबाई, मला कळलं. तुम्ही कामाला लागा."

त्या शरद ऋतूत आम्ही गाडी हाडापर्यंत उघडली. सोमण आठवड्यातून एकदा यायचे, आणि मोकळ्या हातानं बसणारे नव्हते. गाडीतली सगळी वायरिंग त्यांनी स्वतः नव्यानं केली, इतकी नेटकी की ग्लेन येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवायचा. प्रत्येक वेळी त्यांची पत्नी निर्मलाताई बरोबर असायच्या, पण मोटारीतून उतरायच्या नाहीत. खिडकी अर्धी खाली करून पुस्तक वाचत बसायच्या. मला वाटलं, धूळ आणि रंगाचा वास सोसत नसेल.

कापड निवडायची वेळ आली तेव्हा मी बाहेर जाऊन त्यांना बोलावलं. त्या म्हणाल्या, त्यांनाच विचार, गाडी त्यांची आहे. मी म्हटलं, बसायचं तर तुम्हालाही आहे. तेव्हा आल्या. माझ्याकडच्या नमुन्यांतून त्यांनी एक निळं कापड हातात घेतलं, बराच वेळ धरून ठेवलं. तेवढ्यात सोमण आले आणि म्हणाले की कापड ठरलं आहे. मूळ गाडीत होतं तसंच नारिंगी चौकटीचं कापड त्यांनी अमेरिकेत कुणाकडे तरी शोधून काढलं होतं, पडून राहिलेला अख्खा तागा. निर्मलाताईंनी निळा नमुना जागेवर ठेवला. "छान आहे की," म्हणाल्या.

सोमण ग्लेनकडे गेल्यावर त्या माझ्या मशीनशेजारच्या स्टुलावर बसल्या. मी गादीच्या कडेला दोरीची पायपिंग घालत होते. मला वाटलं त्या नुसत्या बसल्या आहेत, पण त्या बोलू लागल्या. साठी उलटल्यावर त्या कम्युनिटी सेंटरच्या पूलवर पोहायला शिकल्या होत्या. आधी पाण्याची भीती होती, आता रोज सकाळी जात. त्यांच्यासारख्याच तिघीजणी होत्या, एक पोलिश, एक चिनी, एक जमैकाची. पोहून झाल्यावर चौघी कॉफी प्यायच्या आणि एकमेकींच्या सुनांविषयी बोलायच्या. चौघींची इंग्रजी चार प्रकारची, पण कुणाचं काही अडत नसे. सगळा संसार सोमणांच्या नोकरीच्या वेळापत्रकानं झाला, त्यांच्याकडच्या पाहुण्यांनी झाला, आणि आता कुठं सकाळचे दोन तास त्यांचे स्वतःचे झाले होते.

मग त्यांनी विचारलं, "सुनंदा, ही गाडी होणार नाही असं तुमच्या ग्लेनला सांगता येईल का?"

मी हात थांबवला. पहिल्याच दिवशी ग्लेननं तेच सांगितलं होतं आणि मीही सांगितलं होतं, हे मी त्यांना सांगितलं. त्या हसल्या. असं होय, म्हणाल्या.

मी म्हटलं, तुम्हीच का नाही सांगत स्पष्ट?

"सांगितलं. तीनदा सांगितलं. ते म्हणतात, एकदा तयार होऊ दे, मग बघ." त्यांनी चौकटीच्या कापडाची घडी सरळ केली. "ती चहावाली बाई तुलाही सांगितली असेल ना? ती बाई कोण होती, तिला चहा करायचा होता का, हे ह्यांना कधी विचारावंसं वाटलं नाही. मला प्रवासाचा कंटाळा नाही गं. चाळीस वर्षं ह्यांच्यासाठी एका जागी स्वयंपाक केला, आता चाकांवर करायचा, एवढंच."

त्यानंतर त्या मोटारीतून उतरल्या नाहीत.

मी माझं काम केलं. खरं सांगायचं तर आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं. पलंगाच्या गादीच्या चौकटी कडेच्या चौकटींना बिनचूक जुळवल्या. छताला नवं अस्तर असं ताणून बसवलं की दिव्याच्या तिरप्या उजेडातही सुरकुती दिसू नये. ग्लेननं सांगाडा नव्या लाकडात उभा केला होता. हिवाळाभर आम्ही दोघं त्या गाडीत होतो, आणि रोज संध्याकाळी हात धुताना मला वाटायचं, ज्या बाईला यात झोपायचं नाही तिच्यासाठी मी इतका जीव ओतते आहे. पण वाईट शिवता येत नाही. ती सवय हाताला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात गाडी वॉटर्लूला नेली. सोमणांच्या घरापुढच्या ड्राइव्हवेत चार मराठी घरं जमली होती आणि समोर राहणारा वॉल्टरही आला होता. वॉल्टर म्हणजे त्यांचा वीस-पंचवीस वर्षांचा शेजारी. दोघांत मिळून बर्फ हटवायचा एकच स्नोब्लोअर होता आणि हिवाळ्यात जो आधी उठेल तो दोन्ही ड्राइव्हवे साफ करायचा. सोमणांनी नारळ फोडला. निर्मलाताईंनी बॉनेटला हळदकुंकू लावलं, मग गाडीत चढल्या. मी मागोमाग होते. सोफ्यावर बसून त्यांनी गादीवरून हात फिरवला, पडदा ओढून पाहिला आणि मला म्हणाल्या, फार सुंदर केलंस. मनापासून म्हणाल्या. खाली उतरल्या. सोमण पाहुण्यांना सांगत होते की सोमवारी सकाळी निघायचं, पहिला मुक्काम किंग्स्टनला.

निर्मलाताई म्हणाल्या, "अहो, तुम्ही जाऊन या. मी येणार नाही."

आवाज चढवला नव्हता. सगळे हसले, सोमणही हसले. मग त्या हसत नाहीत हे एकेकाच्या लक्षात येत गेलं. वॉल्टरला मराठी कळत नव्हती, तो तेवढा हसत राहिला. सोमण म्हणाले, बघू, सोमवार यायचा आहे. निर्मलाताई आत जाऊन सगळ्यांसाठी बटाटेवडे घेऊन आल्या.

सोमवारी गाडी निघाली नाही. त्याच्या पुढच्या सोमवारीही नाही. ते एकटे का गेले नाहीत, असं लोक मला विचारायचे. गाडी उत्तम होती, माणूस धडधाकट होता. मला वाटतं त्यांच्या डोक्यातल्या गाडीत ते चालकाच्या सीटवर होतेच, पण मागं कुणी तरी उभं असल्याशिवाय ती गाडी सुरू होत नव्हती.

ऑक्टोबरात त्यांचा मला फोन आला. गादी खालून ओली होते आहे, बघायला याल का? मी विचारलं छत गळतंय का, तर नाही म्हणाले. मला तिथंच कळलं. गळती नसताना गादी खालून ओली होण्याचं एकच कारण असतं. बाहेर थंडी पडली असताना तिच्यावर रोज कुणी तरी झोपतं, अंगाची दमट ऊब फोममधून खाली जाते आणि थंड फळीवर तिचं पाणी होतं.

मी गेले. गॅरेजमधून गाडीपर्यंत विजेची केबल ओढलेली होती. आत छोटा हीटर, उशीशी रेडिओ, दोरीवर वाळत घातलेले मोजे. दुपारी बसायला म्हणून गाडीत जायला लागले, मग रात्रीचेही तिथंच राहिले, असं त्यांनी सांगितलं, जसं काही पावसाविषयी सांगावं. जेवायला घरात जात. दोघांचं बोलणं बंद होतं. पण त्या दिवशी त्यांच्या रागाचं कारण वेगळंच होतं. सिटीच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, नियमानं एवढी मोठी गाडी ड्राइव्हवेत थोडेच दिवस ठेवता येते. कुणी तरी तक्रार केली होती, सिटीचा माणूस येऊन गाडी हलवायला सांगून गेला होता. सोमण म्हणाले, हे काम वॉल्टरचं. इतक्या वर्षांचा शेजारी, तोंडावर बोलला असता तर चाललं असतं. त्यांनी वॉल्टरशी बोलणं तोडलं होतं.

गादीचं माप घेऊन मी हात धुवायला घरात गेले. निर्मलाताई ओट्याशी उभ्या होत्या. त्यांचे केस पूलवरून आल्यासारखे ओलसर होते. मी वॉल्टरचा विषय काढला, वाईट झालं म्हटलं.

त्या म्हणाल्या, "तक्रार मी केली."

मी नळ सोडून हात धुऊ लागले.

"गाडी गेली की घरात येतील असं वाटलं. दुसरं काही सुचलं नाही." नळ सुरू होता, तो त्यांनी बंद केला. "वॉल्टरच्या बायकोला तोंड दाखवायची लाज वाटते आता. तू ह्यांना काही बोलू नकोस."

मी बोलले नाही. गाडी गेली. गावाबाहेर एका शेतकऱ्यानं आपल्या शेताचा तुकडा लोकांच्या बोटी आणि ट्रेलर ठेवायला मोकळा केला होता, तिथं सोमणांनी जागा घेतली. घरात ते आले, पण बेसमेंटमध्ये. पूर्वी मुलगा राहायचा त्या खोलीत झोपू लागले. आणि रोज सकाळी नोकरीला जावं तसे मोटार घेऊन त्या शेतात जाऊ लागले. हिवाळ्यातही, रस्त्यांवरचा बर्फ काढून झाला की.

वसंतात मी नवी गादी घेऊन तिथं गेले. खाली हवा खेळावी म्हणून मी तिला जाळीचा जाड थर लावला होता. ताडपत्रीनं झाकलेल्या बोटींच्या रांगेत ती नारिंगी पट्ट्यांची गाडी होती. सोमणांनी गादी बसवायला मदत केली, दाबून पाहिली, उत्तम झाली म्हणाले. फ्रिज पुसलेला, काचा लख्ख, पडदे माझ्या हातून गेले तसेच. मैलाचा आकडा फारसा पुढं सरकला नसणार. मला राहवलं नाही. मी निर्मलाताईंना दिलेला शब्द पाळून एवढंच म्हटलं की वॉल्टरशी बोला, तो तसा माणूस वाटत नाही.

"वॉल्टरनं केलेलं नाही, मला माहीत आहे," ते म्हणाले. "सिटीच्या माणसानं नाव सांगितलं नाही. पण जाताना म्हणाला, द लेडी वॉज व्हेरी पोलाइट."

मी विचारलं, मग वॉल्टरशी का भांडलात?

"कुणाशी तरी भांडायला हवं होतं."

"आणि घरी? घरी बोललात?"

त्यांनी पडद्याची चुणी बोटानं सरळ केली. "बोललो तर मिटवावं लागेल, सुनंदाबाई," म्हणाले. "मिटलं की हे सगळं कशासाठी केलं, ते विचारावं लागेल."

मी दोघांचंही एकमेकांना सांगितलं नाही. सांगून काही झालं असतं, असं मला आजही वाटत नाही. दोघांनाही सगळं माहीतच होतं. माहीत नव्हतं ते फक्त बिचाऱ्या वॉल्टरला. त्यानं त्या हिवाळ्यात स्वतःसाठी नवा स्नोब्लोअर घेतला.

२०१९ला सोमणांनी गाडी विकली. टोरांटोचं एक तरुण जोडपं होतं, फार आवडली म्हणाले. काही महिन्यांनी ग्लेननं जेवणाच्या सुट्टीत मला फोनवर फोटो दाखवले. त्या मुलांनी आतून सगळं पांढरं रंगवलं होतं. भिंती, कपाटं, छताचं माझं अस्तरसुद्धा. गाद्या दिसल्या नाहीत, शेवाळी फ्रिज दिसला नाही. सोमणांची वायरिंग भिंतीच्या आत असल्यानं वाचली असेल. फोटोखाली बऱ्याच लोकांनी हृदयं टाकली होती. ग्लेननं फोन उलटा ठेवला आणि आपल्या सँडविचचा कागद सोडला. त्याच वर्षी त्याचा गोठा आणि आजूबाजूची शेतं टाउनहाऊससाठी विकली गेली, आणि माझं मशीन बेसमेंटमध्ये आलं.

त्या दिवाळीत सोमणांकडून जेवायचं बोलावणं आलं. फोन निर्मलाताईंचा होता. मला बरं वाटलं. म्हटलं, गाडी गेली, वर्षं गेली, आता मावळलं असेल. घर उजळलेलं होतं, खिडकीत दिव्यांची माळ होती. सोमणांनी दार उघडलं, कोट काढून घेतला, माझ्या गुडघ्याची चौकशी केली. वरच्या मजल्यावर राहायला आलात का, असं मी विचारलं नाही, पण वॉशरूमला जाताना बेसमेंटच्या जिन्यात त्यांच्या चपला दिसल्या. निर्मलाताई आता पूलवर नव्या बायकांना पोहायला शिकवत होत्या. त्याचं त्यांनी पुष्कळ सांगितलं. सोमणांनीही पुष्कळ सांगितलं, बातम्यांचं, मुलाच्या नव्या घराचं. दोघंही चांगलं बोलत होते, दोघंही माझ्याकडे बघून.

जेवायला तिघंच होतो. छोटं टेबल, सोमण निर्मलाताईंच्या हाताच्या अंतरावर. सोमणांच्या पानातला भात संपला. निर्मलाताईंनी भाताचं भांडं उचललं आणि माझ्याकडे वळल्या.

"सुनंदा, त्यांना विचार, आणखी भात हवा का."

मी सोमणांकडे पाहिलं. ते ताटाकडे बघत होते. मी विचारलं, भात हवा का?

"नको म्हणावं," ते म्हणाले.

मी निर्मलाताईंना सांगितलं, नको म्हणतात.